वैशालीने स्वतःचाच निकाल बदलला

मंडळी, ओरडून घसा बसलाय, पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझी बायको वैशाली कबड्डीची पंच आहे. आज आमच्या पाचोऱ्यात मुलींचा अंतिम सामना होता, पाचोरा विरुद्ध चाळीसगाव. यंदा पहिल्यांदाच आयोजकांनी मैदानाच्या कडेला कॅमेरे लावले होते.

गुण बरोबरीत, शेवटची चढाई. पाचोऱ्याची चढाईपटू समोरच्या एकीला हात लावून परतली आणि वैशालीने गुण दिला. आम्ही जिंकलो! सगळ्यांत जोरात मीच ओरडलो.

तेवढ्यात चाळीसगावच्या कर्णधाराने रिव्ह्यू मागितला. वैशालीने व्हिडिओ दोनदा पाहिला. हात लागण्याआधीच चढाईपटूचा पाय रेषेबाहेर पडला होता.

"मॅडम, आपल्या गावाकडे बघा!" मागून कुणीतरी ओरडलं.

तिने माईक घेतला. "माझी चूक झाली. पाय आधी बाहेर गेला होता. चढाईपटू बाद, गुण चाळीसगावला."

मग शिट्ट्या, आरडाओरड. ती जागची हलली नाही.

पाचोऱ्याचे म्हातारे प्रशिक्षक नाना तिच्याकडे निघाले, तेव्हा आता भांडण होणार म्हणून मीही गर्दीतून पुढे घुसलो. ते अहिराणीत म्हणाले, "ताई, आमना संघ हारना, पन तुमना निकाल बरोबर शे." आणि टाळ्या वाजवू लागले.

घरी येताना मी विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पण पाय बाहेर होता."

चषक चाळीसगावला गेला, तरी मी दुपारपासून छाती फुगवून हिंडतोय. चारचौघांत "माझी चूक झाली" म्हणणारं माणूस तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?