वेलांटीबाईंनी तोंड उघडलं

एका छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं तपासणाऱ्या त्या बाईंचं खरं नाव पगारपत्रकापलीकडे कुणी फारसं वापरलं नाही. ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून खिळे जुळवणारे जुळारी त्यांना वेलांटीबाई म्हणू लागले आणि पुढे गल्लीतही तेच रूढ झालं. ओळीखाली लोखंडी पट्टी धरायची, ओठ न हलवता वाचायचं, समासात लाल खूण करायची. कामावर लागल्या त्या दिवशी मुख्य तपासनिसांनी त्यांना एवढंच सांगितलं होतं, "बाई, अक्षर आपलं, अर्थ लिहिणाऱ्याचा. अर्थात नाक खुपसायचं नाही."

ते त्यांनी तंतोतंत पाळलं, आणि एकदा ते पाळणं फार महागात पडलं.

ठेवी घेणाऱ्या एका कंपनीचं पत्रक छपाईला आलं होतं. पहिल्या पानावर हसरं कुटुंब, दुसऱ्यावर दामदुपटीचं आश्वासन. चौथ्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या टायपात एक वाक्य होतं : 'मुद्दल परत करण्यास कंपनी बांधिल राहणार नाही.' बाईंनी ते दोनदा वाचलं. मग 'बांधिल'मधली पहिली वेलांटी दुसरी केली आणि पत्रक पुढे पाठवलं.

महिन्याभरात तेच पत्रक घेऊन थोरल्या बहिणीचे यजमान घरी आले. नुकतेच निवृत्त झालेले, हाती फंडाची रक्कम. म्हणाले, "तुमच्याकडेच छापलंय ना हे? म्हणजे चांगलंच असणार."

"छपाई चांगली आहे भाऊजी," बाई म्हणाल्या.

त्यापुढे त्या काही बोलल्या नाहीत. दीड वर्षात कंपनीच्या दाराला टाळं लागलं. भाऊजींनी साठी उलटल्यावर एका गोदामाच्या फाटकावर राखणदाराची नोकरी धरली आणि चार वर्षांनी गेले. त्यांनी मेहुणीला कधी बोल लावला नाही. ताईनेही नाही. पण ताईच्या घरी चहाचा कप हातात घेतला की बाईंच्या डोळ्यांपुढे ते वाक्य उभं राहायचं, बिनचूक लिहिलेलं.

छापखाना बंद झाला, बाई घरी बसल्या. साठवलेल्या पैशातले थोडे त्या शेअरमध्ये घालू लागल्या. त्याचं एक मंडळच जमलं होतं. कोपऱ्यावरच्या शिलाईच्या दुकानात रविवारी दुपारी तिघं बसत : बाई, समोरचे औषधवाले आणि दुकानाचे मालक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तरांकडे एके काळी चार मशिनं होती. तयार कपड्यांनी धंदा गिळला, आता एकावर ते पँटची उंची कमी करून देत.

त्या वर्षी घरपोच जेवण पोचवणारी एक मोठी कंपनी शेअर बाजारात उतरणार असल्याची बातमी आली. तिच्या चौकोनी पिशव्या गल्लीत दिवसभर दिसत. मंडळात दुसरा विषय उरला नाही.

"लोकांनी शिवून घेणं बंद केलं," मास्तर म्हणाले, "खाणं थोडंच बंद करणार आहेत? मी तर तिघांच्या नावाने अर्ज भरणार. माझ्या, हिच्या आणि मुलाच्या."

"एवढे पैसे कुठून आणलेत?" औषधवाल्यांनी विचारलं.

मास्तरांनी कापडाच्या पडद्याकडे नुसती नजर टाकली. पडद्यामागे त्यांची खोली होती आणि खोलीत वहिनी होत्या. त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दोन वर्षं पैसे साठवणं चाललं होतं, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"ऑपरेशन महिनाभर पुढे गेलं म्हणून काय बिघडतंय?" मास्तर हळू आवाजात म्हणाले. "पहिल्याच दिवशी भाव वर जाणार, सगळे सांगतायत. आयुष्यभर मला दुसऱ्यांनी गिळलं हो. एकदा तरी गिळणाऱ्याच्या पंगतीला बसू दे."



कंपनीचं माहितीपत्रक चारशेऐंशी पानांचं होतं. बाईंनी त्यातली महत्त्वाची प्रकरणं झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली आणि चार दिवस पट्टी धरून वाचली. शुद्धलेखन ठीक होतं. पण तिसऱ्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं की लाल पेन चुकीवर थांबतच नाहीये, वाक्यावर थांबतंय. तीनही वर्षं तोटा. कंपनी नफ्यात कधी येईल, किंवा येईल की नाही, हे सांगता येत नसल्याची कबुली. लोकांकडून जमा होणाऱ्या पैशातला निम्म्याहून जास्त भाग कंपनीकडे जाणारच नव्हता. आधीपासूनचे मोठे भागीदार आपले शेअर विकून ते पैसे घेऊन बाहेर पडणार होते. आणि एके ठिकाणी लिहिलं होतं की पिशव्या घेऊन फिरणारी माणसं आमचे नोकर नाहीत. उद्या कायद्याने त्यांना नोकर ठरवलं, तर त्यांच्या आजारपणाचा नि अपघाताचा खर्च आमच्यावर पडेल आणि ते गुंतवणूकदारांच्या हिताचं नसेल.

या वाक्यापाशी बाई बराच वेळ अडल्या. कुणाचं तरी हाड मोडण्याचा खर्च आपल्या हिताआड येतो, असं त्यांना उद्देशून कुणी आजवर लिहिलं नव्हतं.

रविवारी त्या कागदांचा गठ्ठा घेऊन दुकानात गेल्या. एकेक वाक्य वाचून दाखवलं.

"असं सगळेच लिहितात," मास्तर म्हणाले. "लिहावंच लागतं त्यांना."

"लिहावं लागतं म्हणून ते खोटं ठरत नाही, मास्तर."

"तुम्ही शुद्धलेखन बघणाऱ्या. तुम्हाला बाजारातलं काय कळतं?"

"बाजारातलं नाही कळत," बाई म्हणाल्या. "पण हे वाचून मी गप्प बसले तर तुमच्या घराची पायरी चढायला मला तोंड राहणार नाही. तुमचे पैसे असते तर वाटेल ते करा म्हटलं असतं. हे वहिनींच्या गुडघ्याचे आहेत."

मास्तर ताडकन उठले आणि मशिनवर जाऊन बसले. पायडल चाललं होतं, पण सुईखाली कापडच नव्हतं. औषधवाल्यांनी गिऱ्हाइकाचं निमित्त काढून काढता पाय घेतला. पडद्यामागून काहीच आवाज आला नाही.

मास्तरांनी शेवटी एकाच नावाने अर्ज भरला. शेअर मिळाले. बाजारात आल्या दिवशी भाव सव्वापट झाला.

मास्तर भर रस्त्यात बाईंसमोर उभे राहिले. "तिघांच्या नावाने भरले असते तर आज ऑपरेशन होऊन वर हातात उरले असते. तुमच्या वाचनाने माझं नुकसान केलं." बाईंनी मान खाली घातली. त्या दिवसापुरतं ते खरं होतं.

तिथून त्या घरी न जाता ताईकडे गेल्या. ताई शेंगा सोलत बसली होती. बाई दारातच उभ्या राहून बोलल्या, चौथं पान, बारीक टाइप, 'बांधील', सगळं. बावीस वर्षं गिळलेलं पाच मिनिटांत बाहेर आलं.

ताईने शेंगा बाजूला केल्या. "आत तरी ये," ती म्हणाली. मग म्हणाली, "त्यांनी वाचलं होतं ते. चष्म्यावर भिंग धरून. मी म्हटलं, अहो, हे काय लिहिलंय? तर म्हणाले, असं सगळेच लिहितात."

बाई भिंतीला टेकून खाली बसल्या.

"पण तू सांगायला हवं होतंस," ताई शांतपणे म्हणाली. "ऐकलं नसतं त्यांनी. तरीही सांगायला हवं होतंस."

"हो," बाई म्हणाल्या.  नंतर ताईने सूप मध्ये सरकवलं आणि दोघींनी मिळून उरलेल्या शेंगा सोलल्या.

मास्तरांनी शेअर विकले नाहीत. सव्वापट झाले तसे दीडपट होतील म्हणून थांबले. पाचव्या महिन्यात भाव घेतल्या किमतीच्याही खाली उतरला. मास्तर ते कुणाला बोलले नाहीत आणि बाईंनी विचारलं नाही. रविवारची बैठक तोवर मोडलीच होती.

ऑपरेशन मात्र त्याच महिन्यात झालं. दोन अर्जांचे पैसे घरातच होते, कमी पडले ते मुलाने घातले. तिसऱ्या दिवशी बाई दवाखान्यात गेल्या तेव्हा वहिनी वॉकर धरून कॉरिडॉरमध्ये उभ्या होत्या आणि मास्तर मागे उशी धरून, जणू त्या मागे पडल्या तर उशीवरच पडणार होत्या.

"त्या रविवारी मी पडद्याआड सगळं ऐकत होते," वहिनी म्हणाल्या. "तुमच्यामुळे त्यांनी हात आखडला, असं नका समजू हं. ते कुठले ऐकतायत? मी माझ्या अर्जावर सहीच केली नाही. आणि मुलालाही फोन करून सांगितलं, तूही करू नकोस."

मास्तर ओशाळं हसले. बाईंशी ते इतक्या महिन्यांनी पहिल्यांदाच बोलले, "बसा ना. उभ्या का?"

"नका बसू," वहिनी म्हणाल्या. "मला त्या खिडकीपर्यंत जायचंय. एक हात द्या."

बाईंनी हात दिला आणि दोघी निघाल्या. बारा पावलांना त्यांना बराच वेळ लागला.