शेवटच्या मजल्याचे मुखत्यारपत्र

घटना पहिली: पोळ्याचा दुसरा दिवस, दुपारी तीनचा सुमार. जबाबदार: कचेरीच्या आवक खिडकीवरील कारकून, वीज बंद करणारे, संगणक केंद्राच्या चालक सुलभाताई आणि प्रस्तुत लेखक. घटना दुसरी: त्यानंतरच्या तिसऱ्या वर्षी, होळीचा आठवडा. जबाबदार: पुन्हा सुलभाताई आणि एक अनोळखी खरेदीदार.

ज्यांच्यावर हा अन्याय झाला त्यांचे नाव मी देत नाही. "अर्जात अर्जदाराचं नाव राह्यते, लिहिनाऱ्याचं नाई," असे ते म्हणत, आणि म्हणताना चष्मा कपाळावर सारून लेखणीचे टोक जिभेला लावीत. लेखणी बॉलपेन होती. त्यामुळे त्यांच्या जिभेवर बारा महिने एक निळा ठिपका असे. अमरावती-अकोला रस्त्यावरील आमच्या तालुक्याच्या कचेरीबाहेर कडुनिंबाखाली टेबल टाकून बसणारे हे वृद्ध अर्जनवीस आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. सगळे त्यांना मुन्शीजी म्हणत.

सुलभाताईंनी आपल्या टंकलेखनाच्या वर्गाचे संगणक केंद्र केले, तेव्हा तेथून दिवसभर गोळीबाराचे आवाज येतात अशी लेखी तक्रार मी पोलीस ठाण्यात केली. उत्तर आले नाही. स्मरणपत्र दिले, त्यालाही आले नाही. सबब पुरावा गोळा करण्यास मी जातीने गेलो. पाहतो तो तिसऱ्या संगणकासमोर मुन्शीजी, डोक्यावर टोपी आणि टोपीवर मोठाले हेडफोन चढवून बसलेले.

पडद्यावर भविष्यकाळातले एक शहर होते. तेथे पाऊस कधी थांबत नसे. रंगीत दिव्यांच्या पाट्या, लोखंडी हातांची माणसे, डोक्यात तारा खोवलेल्या बाया, आणि या सर्वांवर राज्य करणारी एक कंपनी. तिचा तीस मजली मनोरा चढून संचालकापर्यंत पोचायचे, असा तो खेळ. मुन्शीजींच्या हातात पिस्तूल होते.

"मुन्शीजी, तुम्हीसुद्धा?"

"बसा, वकीलसाब. पिस्तूल नुसतं दाखवाले हाये. पहिले समजावून पाहाव. मानूस आयकते."

या खेळात टप्प्याटप्प्यावर गुण मिळतात आणि ते कोणत्या कौशल्यावर घालायचे हे खेळणाऱ्याने ठरवायचे असते. बाकी सारे ते नेमबाजीवर घालीत. मुन्शीजींनी सगळेच्या सगळे बोलण्यावर आणि कुलपे उघडण्यावर घातले होते. पहारेकऱ्याचे इंग्रजी बोलणे ते पडद्यावर बोट ठेवून वाचीत, शब्द अडला तर कोश काढीत, आणि समोर आलेल्या चार उत्तरांतील सर्वांत नम्र उत्तर निवडीत. चारही उत्तरे उद्धट असतील तर "बदतमीजी हाये" म्हणून मागे फिरत आणि हवेच्या नळीतून रांगत दुसऱ्या वाटेने जात.

अगदीच इलाज उरला नाही, तर ते पहारेकऱ्याला झोपेची सुई मारीत. पण त्याला तसाच पावसात टाकून पुढे जाणे त्यांना जमत नसे. त्याचे पाय धरून ओढीत ओढीत छपराखाली नेत. "भिजन बिचारा. सकाळी डुटी असन त्याची." एकदा असे नऊ पहारेकरी त्यांनी एका ओळीत निजवले. सुलभाताई मागून पाहत होत्या.

"मुन्शीजी, हे काय लग्नाच्या जानोशावर वऱ्हाड झोपवून राहिले का?"

"उश्या नाई ना पन कुठी," मुन्शीजी खरोखरच शोधत म्हणाले.

मी हसलो. पुराव्याची वही खिशात ठेवली. पुढे मी रोज दुपारी जाऊ लागलो, निरीक्षक म्हणून.

ती वर्षे आपल्या वऱ्हाडाची कोणती होती हे मी सांगावयास नको. सकाळचे वर्तमानपत्र उघडण्याआधी हात अडखळत असे. मुन्शीजींच्या टेबलापुढे सकाळभर जी रांग असे, तिच्यात कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्यांच्या मागे राहिलेल्या बायका असत. त्यांचे अर्ज ते लिहीत आणि त्यांचे पैसे घेत नसत. एकदा मी त्यांना विचारले, एवढ्या गोळ्या खिशात आहेत, एक तरी कधी झाडाल की नाही?

"नाई," ते म्हणाले. "बाहेर रोजचंच हाये. माह्या खेळात कोनी मरू नाई, बस. तीस मजले चढून दाखवतो, एकाचाई जीव न घेता."

हीच त्यांची प्रतिज्ञा. एकोणतीस मजल्यांना दीड वर्ष लागले. त्यात भारनियमन. वीज जाण्याची वेळ आली की सुलभाताई गरजत, "लाइट जाऊन राह्यली, सेव करा!" आणि सारे केंद्र एकदम खेळ जतन करी. प्रत्येकाला एकच नोंद ठेवण्याची मुभा होती. नवी केली की जुनी पुसली जाई.

तिसाव्या मजल्यावर, संचालकाच्या दाराशी एकच पहारेकरी उभा होता. पण तोवर मुन्शीजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. "त्याचं म्हननं वाचता येत नाई, मंग समजावू कसं?" असे म्हणून ते मुलीकडे अकोल्याला शस्त्रक्रियेस निघाले, आणि निघण्यापूर्वी मुद्रांकावर माझ्या नावे मुखत्यारपत्र करून दिले. अधिकार: खेळ उघडणे, पाहणे, बंद करणे. मनाई: कोणासही हात लावणे. साक्षीदार सुलभाताई. मी हसू दाबून सही केली, परंतु दस्तऐवज निर्दोष होता.

आठ दिवस मी कर्तव्य चोख बजावले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी कचेरीत गेलो. एका बाईच्या अर्जाचे काय झाले, हे मी अकराव्यांदा विचारले. खिडकीवरील कारकून मान वर न करता म्हणाला, "साहेब नाहीत. उद्या या." तेथून तडक संगणक केंद्रात आलो, खेळ उघडला आणि पहारेकऱ्याजवळ गेलो. तो म्हणाला, आज भेट नाही, उद्या या.

वाचकहो, मी चाळीस वर्षे वकिली केली. कोणावर हात उगारला नाही. मी बटण दाबले. तो पडला. मी सुन्न होऊन पाहत असता सुलभाताई गरजल्या, "लाइट जाऊन राह्यली, सेव करा!" आणि आयुष्यभर अधिकृत सूचनांचे पालन करीत आलेल्या मी खेळ जतन केला.

मुन्शीजी हिरवी पट्टी लावून परतले, तेव्हा मी तीन पानी कबुलीजबाब त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो नव्या डोळ्याने सावकाश वाचला. एक शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली. मग तिसऱ्या संगणकासमोर बसून त्यांनी मेलेल्या पहारेकऱ्याचे टपाल उघडले. या खेळात तसे करता येते. त्यात त्याने कंपनीला केलेला रजेचा अर्ज होता. अनुत्तरित.

"मसुदा कच्चा होता," मुन्शीजी पुटपुटले. "माह्याकडे आला असता तं मंजूर झाला असता."

"मुन्शीजी, मी..."

"जाऊ द्या, साहेब. खिडकीवरून आले होते ना तुमी? मले समजते." आणि त्यांनी पहिल्या मजल्यापासून नवा खेळ सुरू केला.

या खेपेस वाटा पाठ होत्या, तरी वर्षावर लागलेच. पुन्हा एकोणतीस मजले झाले, कोणीही मेले नाही. पुन्हा तेच दार. आणि आता दुसरा डोळा. मुन्शीजींनी नवा मुद्रांक आणला आणि मुखत्यार म्हणून पुन्हा माझेच नाव घातले.

सुलभाताई ओरडल्या, "अहो, यायले कावून देता? हे पुन्हा उडवतीन त्याले!"

"नाई उडवत," मुन्शीजी म्हणाले. "त्यायनं तीन पानं लिहून देल्ले."

त्या डोळ्याची पट्टी निघाली. आठ दिवसांनी, अकोल्यातच, छातीत कळ येऊन मुन्शीजी गेले.

मी मात्र रोज दुपारी जात राहिलो. हात मांडीवर ठेवून पडद्याकडे पाही. पहारेकरी दाराशी उभा असे. नंतर होळीच्या आठवड्यात एका खटल्यासाठी मला नागपूरला जावे लागले. परतलो तो केंद्र रिकामे.

"किती दिवस चालवू, वकीलसाहेब?" सुलभाताई डोळे पुसत माझ्यावरच ओरडल्या. "नांदगाव पेठेकडचा कोनी होता. सगळे मशीन टेम्पोत घालून घेऊन गेला. नाव नाई इचारलं."

मुखत्यारपत्र ते देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते, हे मी शेकडो पक्षकारांना समजावले आहे. त्यामुळे मला कोणताही अधिकार उरलेला नाही हे मी जाणतो, आणि अधिकार नसताना विचारतो. तो तिसरा संगणक ज्या गृहस्थांकडे असेल, त्यांनी तो पुसला काय? चालवला काय? तिसाव्या मजल्यावरचा तो माणूस जिवंत आहे काय? उत्तर याच वर्तमानपत्रात, स्वतःच्या नावानिशी, जाहीर द्यावे. आणि तो अजून उभा असेल, तर कृपया त्याच्याशी आधी बोलून पाहावे.