दुसऱ्या तुकडीचा हंडा

आमचे मेजरसाहेब, पोर्फिरी सावेल्येविच वेत्लुगिन, यांनी आयुष्यात एकही खरी लढाई पाहिली नाही. पण जेवणाच्या टेबलावर शेकडो लढल्या. वाटाणे म्हणजे रशियन, घेवड्याच्या बिया म्हणजे फ्रेंच. फ्रेंच हरल्याशिवाय मला सूप वाढता येत नसे. मी येव्सेई, त्यांचा अर्दली. बावीस वर्षं त्यांचे बूट पुसले आणि सूप पुन्हा पुन्हा गरम केलं.

अकरा वर्षं साहेब एकाच ठिकाणी अडून बसले होते. फ्रेंच चढून आले त्या साली, बेरेझ्ना नदीवर आपली दुसरी तुकडी माघार घेता घेता अचानक उलटी फिरली, नदी ओलांडून गेली आणि फ्रेंच पळाले. का फिरली? पुस्तकं म्हणत, जनरलसाहेबांची अलौकिक बुद्धी. आमचे साहेब म्हणत, "पण हुकूम कुठाय?" हे कोडं सुटलं की प्रबंध पुरा आणि पीटर्सबर्गला प्राध्यापकी. या चिखलगावातून सुटायचं म्हणून मी पेटीसुद्धा भरून ठेवली होती.

एकदा चर्चचा राखणदार, म्हातारा पाखोम, सरपण टाकायला आला. टेबलावर वाटाण्यांनी मांडलेली बेरेझ्नाची लढाई बघून म्हणाला, "साहेब, आमचा हंडा कुठंय?"

"कसला हंडा?"

"लापशीचा. मी दुसऱ्या तुकडीतला. पळताना हंडा पलीकडेच राहिला. तुकडीचा हंडा गेला तर तोंड कुठं दाखवायचं? गेलो आम्ही सातजण परत. बाकीचे आमच्या मागं. फ्रेंचांना वाटलं, नवी फौज आली."

"आणि जनरल?"

"ते 'माघार घ्या' म्हणून ओरडत होते. घसा बसला हो बिचाऱ्यांचा."

साहेबांनी आठवडाभर जुनी दप्तरं उपसली. माघारीत हंडे गमावलेल्या बाकी सगळ्या तुकड्यांनी लढाईनंतर नवे मागितले होते. दुसरीने नाही.

मी हात जोडले. "साहेब, परीक्षक त्याच जनरलचे चिरंजीव आहेत. हंडा तेवढा गाळा!"

"येव्सेई, हंडा गाळला तर मग उरलं काय?"

पीटर्सबर्गला भर सभेत चिरंजीव लालबुंद होऊन उठले. "म्हणजे माझे वडील लापशीमुळे जिंकले?"

साहेबांनी शांतपणे दुरुस्ती केली, "नाही हुजूर. लापशी जिंकली. आपले वडील माघार घेत होते."

प्राध्यापकी गेली, हे वेगळं सांगायला नको. परतीच्या वाटेवर तीन दिवस मी साहेबांकडे पाठ करून बसलो. ते मात्र गाडीत मजेत घोरत होते. मला रडू येत होतं.

घरी पोचलो तर पाखोम दारातच बसलेला. त्याला वाचता येत नव्हतं. साहेबांनी कोटसुद्धा न काढता प्रबंधातलं ते पान उघडलं आणि हंड्यासाठी परत गेलेल्या सातजणांची नावं वाचली. सहा केव्हाच मातीत गेले होते. सातवा पाखोम येगोरोव.

"परत वाचा," पाखोम म्हणाला. साहेबांनी वाचलं. "अजून एकदा." तिसऱ्यांदा ऐकून त्याने टोपीने डोळे पुसले. मला तिथे उभं राहवेना. मी चुलीकडे गेलो.

मागून पाखोमचा आवाज आला, "सगळं बरोबर आहे. पण साहेब, लापशी करपली होती. ते नाही लिहिलंत."

"येव्सेई," साहेब ओरडले, "दौत आण!"

मी दौत नेऊन दिली आणि पेटीतले कपडे परत खुंटीवर टांगले.