आईची पात

सुगी तोंडावर आली की माणसाने समाधानी असावं. मला ते कधीच जमलेलं नाही. पीक घरात येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. त्यात यंदा शाळूची ज्वारी काढायला आली आणि आई गोठ्यात घसरून उजवं मनगट मोडून बसली. मी साताऱ्याच्या ऑफिसातून रजा टाकून आटपाडीजवळच्या आमच्या गावी आले.

आमच्याकडे शाळू मुळासकट उपटतात, आणि तोही सावडीने. आज सगळ्या बायका तुमच्या रानात, उद्या तुम्ही त्यांच्या. आईला पिकापेक्षा त्याचाच घोर लागला होता.

"औंदा मी कुणाच्याच रानात जायाची न्हाई. मग मला सावडीत कोण धरंल? एकदा सुटलं की सुटलं बघ."

"मजूर लावू की," मी म्हणाले. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी निमूट चहा ठेवायला उठले.

मोबाईलवर पाऊस दाखवत होता, आणि भिजला तर शाळू काळा पडणार. मी उगाच घरात-अंगणात येरझारा घालत होते. आई चिडून म्हणाली, "बस की गं एका जागी." ती स्वतः तरी कुठे बसली होती!

सकाळी बायका आल्या. पुढे माझी चुलती, डोक्याला फडकं बांधून. माझा जीव भांड्यात पडला आणि ऑफिसात निरोपसमारंभाला बोलतात तशी मी बोलून गेले, "तुम्ही सगळ्या आलात, अगदी मनापासून आभार."

"आभार मानून मोकळी हुतीस व्हय गं?" चुलती म्हणाली. बायका खो-खो हसल्या. मला राग आला. चांगलं बोलायचीही सोय नाही इथे.

एकेकीने आपापली पात धरली, म्हणजे वाट्याच्या ओळी घेतल्या, आणि सरसर पुढे निघाल्या. मी पाणी देत होते, आभाळाकडे बघत होते, पुन्हा पाणी देत होते. मग लक्षात आलं, रानाच्या मधोमध एक पट्टा तसाच उभा होता.

"काकी, ही पात राहिली की! आभाळ बघा कसं आलंय."

"राहिली न्हाई, ठिवलीया. तुझ्या आईची हाय ती. आमी कशी धरायची?"

बांधावर बसलेली आई उठली. त्या पट्ट्यात शिरली आणि डाव्या हाताने शाळूचं एक ताट ओढलं. ते येईना. दुसऱ्या हिसक्याला मातीसकट आलं आणि ती तोल जाऊन मागे कोलमडली.

"दुसराही हात मोडायचाय का?" मी ओरडले. ओढणी कमरेला खोचली, तिला बाजूला केलं आणि पात धरली.

तळवे सोलून निघाले. बायकांच्या पाती कधीच संपल्या होत्या. पेंढ्या बांधून, ताडपत्री टाकून त्या पलीकडच्या बांधावर माझी वाट बघत बसल्या. मदतीला एकही उठली नाही. मला संताप येत होता आणि का कोण जाणे, बरंही वाटत होतं. शेवटचं ताट उपटलं तेव्हा पावसाचे थेंब सुरू झाले होते.

"उद्या आमच्या माळावर," चुलती म्हणाली. माझ्याकडे नाही, आईकडे बघून.

माझी रजा संपली होती. सकाळची साताऱ्याची एसटी गाठायची होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात आई म्हणाली, "येतीया की माझी लेक." बोलली ठामपणे, पण लगेच माझ्याकडे बघितलं. इतकी भ्यालेली आई मी कधी पाहिली नव्हती.

साहेबांना काय सांगायचं ते मला अजिबात सुचत नव्हतं.

"किती वाजता येऊ, काकी?" मी विचारलं.

मनगट मोडलं तेव्हा हूं की चूं न केलेली आई खाली बांधावर बसली आणि रडायला लागली.