पोपटी रंगाचं पेडल

आठवीतून शाळा सोडली आणि पुढं कामासाठी घर सोडलं, तेव्हा धुळं नकाशात कुठं येतं हेही मला माहीत नव्हतं. माझं गाव कोकणात, पार समुद्राला लागून. ओळखीतल्या एकाच्या सांगण्यावरून धुळ्यात आबांच्या दुकानात आलो. स्पीकर, माईक, अॅम्प्लिफायर दुरुस्त करायचं दुकान. आबांनी मागच्या खोलीत झोपायला जागा दिली, हातात सोल्डरिंगची गन दिली. कितवीपर्यंत शिकलास, हे त्यांनी आजवर विचारलेलं नाही.

सोनगीरकडच्या एका लग्नाच्या बँडमधला गिटारवाला दादा आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. त्याला येत्या लग्नाच्या वरातीसाठी पेडल हवं होतं, म्हणजे पायानं दाबली की गिटारचा आवाज फाटका, चिरका करणारी डबी. विकतच्या दोन त्याच्या मनास आल्या नव्हत्या. "गिटार कशी बोंबलनी पाहिजे!" असं त्याचं म्हणणं.

आबांनी माझ्याकडं बोट केलं. "हाऊ पोऱ्या करी देई. लगीनना दिन वाजी."

मी हातातलं काम सोडून बघतच राहिलो. तसली डबी मी फक्त मोबाईलवर बघितली होती. पण आबा शब्द देऊन मोकळे झाले होते.

जमली. पत्र्याच्या डबीत बसवली, वाजवून दाखवली, दादा खूश. मग म्हणाला, सामान काढून रिकामी डबी दे, रंगवून आणतो. त्यांच्या बँडचं सगळं पोपटी: गाडी, स्टँड, जनरेटरचं झाकणसुद्धा. बिनरंगाची वस्तू गाडीवर चढत नाही.

लग्नाच्या दिवशी दुपारी तो डबी घेऊन आला. आरशासारखी चकचकीत. "आतूनबी मारेल शे, दोन हात. गंजनं नावच नको." संध्याकाळी वरात होती. आबा एका हॉलच्या कामाला भुसावळला गेलेले. मी सगळं सामान पुन्हा बसवलं, पिना लावल्या, बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं, तर नुसती घरघर. परत दाबलं की गप्प.

"काय व्हयनं रे, कोकण्या?"

"बघतो, दादा."

बॅटरी नवीन टाकली. सोल्डर केलेला एकेक जोड पुन्हा गरम केला. एक जोड तर चांगला होता, तोच घाईत बिघडवून परत केला. मोबाईलवर आबांचं नाव दिसलं. उचलला नाही. काय सांगणार होतो? ज्या माणसानं माझ्या भरवशावर शब्द दिला, त्याला त्याच बँडवाल्यांसमोर खाली बघायला लागणार. आणि मग त्यांनी मला का ठेवावं? गावाकडं जायची गाडी कुठून सुटते, इथपर्यंत डोकं जाऊन आलं.

दादा स्टुलावर बसून पाय हलवत होता. "आते काय, तोंडानं वाजाडू का मी?"

जोड कुठं तुटलाय ते बघायला शेवटी मीटर घेतलं. एक टोक गिटारची पिन बसते त्या सॉकेटला, एक डबीला. पहिल्यांदा बसवली तेव्हा डबीला कुठंही टेकवलं की मीटर 'टीं' करायचं. आता आवाज नाही. दुसऱ्या, अॅम्प्लिफायरकडच्या सॉकेटला लावलं. तिथंही नाही.

मग डोक्यात प्रकाश पडला. दोन सॉकेटांना जोडणारी अर्थिंगची वायर मी टाकलीच नव्हती. दोन्ही पत्र्याला टेकलेली, पत्रा हीच वायर. आता मधे रंग होता, आतूनबाहेरून, दोन हात, आणि रंगातून करंट जात नाही.

"दादा, रंगामुळं झालंय. सॉकेटाभोवती थोडा खरडतो."

तो उभाच राहिला. "रंगले हात लावू नको हं! मालक मन्हा जीव लेई."

"आतल्या बाजूनं..."

"आतूनबी नही!"

मी हसलो. त्या दुपारी पहिल्यांदाच. रंग राहू दे म्हटलं, आणि बोटभर वायरचा तुकडा या सॉकेटापासून त्या सॉकेटापर्यंत जोडला. मिनिटभराचं काम. बटण दाबलं. दादानं तार छेडली आणि दुकानातली काच थरथरली. समोरचा किराणावाला मारवाडी पायरीवर येऊन म्हणाला, "अरे, हळू रे भाऊ, गिऱ्हाईक पळतंय!"

दादानं आवाज आणखी वाढवला.

आबांना फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं: वाजत नव्हतं, घाबरलो, म्हणून फोन उचलला नाही, रंग, वायर. ते ऐकत होते. मग म्हणाले, "टेबलना पंखा चालू करी ठेव, हाई सांगाले मी फोन करेल होता. गरम व्हस ना दुकानमा."

"पेडलचं नाही विचारायचं?"

"पेडलनं काय इचारनं? तुले काम दियेल होतं ना."

मी फोन ठेवला आणि पंखा लावला. घामानं सदरा पाठीला चिकटला होता, तेव्हा कुठं लक्षात आलं. दादा पोपटी डबी काखेत मारून गाडीकडं निघाला होता. दारातून ओरडला, "चाल ना रे, वरातमा नाचाले!"

गेलो. नाचलो नाही. पण दर गाण्याला त्याचा पाय डबीवर पडताना बघत होतो, आणि दर वेळी ती बोंबलत होती.