रडणारी मुलगी हवी

नव्वदच्या दशकात घरोघरी वाहिन्या आल्या आणि डोंबिवलीतल्या माझ्या बालनाट्यवर्गाची रया गेली. त्याआधी कितीतरी वर्षं एका शाळेच्या सभागृहात मी शनिवार-रविवार मुलांची नाटकं लिहायचे, बसवायचे, आणि खरं तर मुलांना एकमेकांचं ऐकायला शिकवायचे. पालकांना तो 'स्टेज डेअरिंग'चा क्लास वाटायचा. तेवढं चालून जायचं.

मग एका रविवारी मालिकेसाठी मुलं शोधणारा एक माणूस आला. मुख्याध्यापकांनी मला न विचारताच त्याला परवानगी दिली होती. पालक मुलांना नटवून, पावडर थापून घेऊन आले होते.

"लगेच रडणारी मुलगी पाहिजे," तो म्हणाला. "ग्लिसरीन नको. क्लोजअपमध्ये कळतं."

माझ्यादेखत एका आईने मुलीच्या दंडाला चिमटा काढला.

वर्गात ठाकुर्लीहून येणारी एक अबोल मुलगी होती, नऊ-दहा वर्षांची. समोरचा बोलत असताना ती इतकं मन लावून ऐकायची, की बोलणाऱ्याचं वाक्यच सुधारायचं. तिला रडू येईना. तेव्हा तिचे वडील पुढे झाले. बँकेत नोकरी, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. ते वाकून तिच्या कानात काहीतरी बोलले.

ती क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने जो टाहो फोडला, तसा मी कुठल्याच रंगमंचावर ऐकला नव्हता.

"परफेक्ट!" तो माणूस म्हणाला. पालकांनी टाळ्या वाजवल्या. हो, टाळ्या.

ती हुंदके देत माझ्याकडे आली. "ताई, आजी गेली. बाबा म्हणाले."

"अगं वेडे, गंमत केली," वडील हसले. "आजी मस्त आहे मोहन्याला, काकांकडे."

तिला काही केल्या ते खरं वाटेना. आजीकडे फोन नव्हता. वडील शूटिंगच्या तारखा ठरवत बसले, म्हणून मीच रिक्षा केली आणि तिला घेऊन मोहन्याला गेले. तिचे काका तिथल्या कारखान्यात होते, आजी त्यांच्याकडे असायची. ती दारात बसून मेथी निवडत होती. मुलगी जवळ जाईना. मग हळूच पुढे होऊन तिने आजीच्या हाताला एक बोट लावून पाहिलं.

"काय गं, भूत बघितल्यासारखी काय बघतेस?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. "काही नाही. माझं सिलेक्शन झालं टीव्हीवर."

आजीने कौतुकाने आमच्या दोघींच्या हातावर साखर ठेवली. मला ती गिळवेना.

पुढच्या शनिवारी बाकीचे पालक मुलीच्या वडलांना फैलावर घेतील, अशी माझी भाबडी समजूत. स्वतः शिक्षिका असलेली एक आई म्हणाली, "मॅडम, इतकी वर्षं शिकवताय, पण रडायला शिकवलंच नाहीत." बाकीच्यांनी माना डोलावल्या. वर्ग सुटल्यावर ते वडील दारात थांबले होते. अगदी अदबीने म्हणाले, "शूटिंगला परत रडायचंय. आता आजीचं चालणार नाही. दुसरं काय सांगू?"

मुलीचं गणित अडलं असावं, तशा सुरात विचारलं त्यांनी.

"चालते व्हा," मी म्हटलं.

ते खरोखर बुचकळ्यात पडले. "पण यात तिचंच भलं आहे ना?"

त्यांनी मुलीला वर्गातून काढलं. मालिका लागली तेव्हा शेजारच्या घरी सगळे जमले होते. ती पडद्यावर ओक्साबोक्शी रडत होती. "काय नॅचरल करते!" शेजारीण म्हणाली. मी उठून आले. तिला पुन्हा कधी भेटले नाही.

यापुढे असली माणसं सभागृहात नकोत, असं मी मुख्याध्यापकांना बजावलं. "काळाबरोबर चला," म्हणत त्यांनी सभागृह कुणा टीव्ही-अभिनय शिकवणाऱ्याला दिलं. मी एका वाचनालयाच्या माडीवर वर्ग हलवला. मोजकीच मुलं आली. एका वडलांनी जिन्यातच विचारलं, "इथे टीव्हीवाले येतात ना?" नाही म्हटल्यावर ते मुलाचा हात धरून परत खाली उतरले. राहिलेल्या मुलांना मी गोल करून बसवलं आणि कामाला लागले.