निशाण आणि रेघ

सावळेरामच्या हातात दुधाची किटली दिली तर ती डेअरीत पोचेल याची खात्री त्याच्या बायकोला, प्रयागबाईला, कधीच नसे. वाटेत कुणी बैलांचा विषय काढला की किटली पारावर आणि हा त्या माणसाच्या गोठ्यात. एकदा विहिरीवरची मोटर चालू करायला म्हणून गेला, संध्याकाळी हात हलवत परत आला आणि मोटर बंदच. अशा विसरभोळ्याला अवसरीपासून मढपर्यंतची गावं यात्रेतल्या शर्यतींचं घड्याळ धरायला बोलावतात, हे काही केल्या तिच्या पचनी पडत नव्हतं. "लोकास्नी दुसरं कुणी घावत नसंल," म्हणायची.

आमच्याकडच्या बैलगाड्यांच्या शर्यतीत गाडे एकमेकांशी पळत नाहीत, घड्याळाशी पळतात. चढाची धावपट्टी असते, तिला घाट म्हणायचं. एका वेळी एकच गाडा पळतो, ती त्याची बारी; त्या बैलजोडीलाही बारीच म्हणतात. खाली निशाण पडलं की घड्याळ सुरू, वर फक्कीची पांढरी रेघ बैलांनी ओलांडली की बंद. सगळा खेळ बारा-तेरा सेकंदांचा. पहिला आणि दुसरा यांच्यात सेकंदाचा एखादा तुकडा असतो, आणि त्या तुकड्यावरून डोकी फुटतात.

सावळेराम मुळात बैलवेडा. एक्क्याण्णव साली पहिल्यांदा घड्याळ हातात घेतलं, तेव्हा एक देखणी बारी सुटली आणि हा बघतच राहिला. बैल रेघ ओलांडून पार गर्दीत शिरले तरी घड्याळ आपलं चालूच. लोकांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आधी घड्याळ धरणारे म्हातारे चिमाजीतात्या तेवढे त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "सावळ्या, बैलं बघायला पाच हजार लोकं हायेत. रेघ बघायला एकच लागतो. निशाण बघायचं, रेघ बघायची. मधलं आपलं न्हाई."

त्या उन्हाळ्यात त्याने घरात नवंच खूळ काढलं. उंबऱ्यावर कोळशाने रेघ ओढायची, समोर बसायचं आणि मुंगीने रेघ ओलांडली की घड्याळाचं बटण दाबायचं. प्रयागबाई मुद्दाम पातेली आपटायची. तिची जाऊ लंकाबाई टीव्ही मोठा करायची, नाहीतर "भावजी, साप!" म्हणून ओरडायची. आधी आधी तो टुणकन उडी मारायचा आणि दोघी पोट धरून हसायच्या. पावसाळ्याच्या तोंडाला त्याची मान हलेनाशी झाली, तेव्हा त्यांनीच नाद सोडला.

"मन कुठं जात न्हाई व्हय तुमचं?" प्रयागबाईने एकदा विचारलं.

"जातं की. लई जातं. पर त्याला हाणायचं न्हाई. वासरू दुसऱ्याच्या रानात शिरलं तर गुमान धरून आणतोच का न्हाई? तसं आणायचं. पुन्हा गेलं, पुन्हा आणायचं."

"मंग दुधाची किटली नेताना का वो आणत न्हाई?"

तो उठून गोठ्याकडे निघाला.

वासराचं म्हणाल तर घरात एक होतंच, भिंगऱ्या. चार दिवसांचा असताना त्याची आई गेली. प्रयागबाईने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलं. पुढे तो धाकट्या दिराच्या, सोपानच्या, बारीत पळायला लागला आणि सलग पाच हंगाम पळाला. पण त्याला पळताना तिने कधी पाहिलं नव्हतं, कारण तेव्हा बायका घाटात जात नसत. आणि रेघेला खेटून बसणाऱ्या सावळेरामनेही पाहिलं नव्हतं. नव्याण्णवच्या चैत्रात भिंगऱ्याचा पुढचा पाय धरायला लागला. गावच्या यात्रेत पळवायचा आणि मग शर्यतींतून कायमचा सोडायचा, असं ठरलं.

यात्रेच्या सकाळी बैलाच्या कपाळाला गुलाल लावता लावता ती नवऱ्याला म्हणाली, "अवो, आजच्या दिस त्याच्याकडं बघा. डोळं भरून बघा, अन् मला येऊन सांगा."

त्याने बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. मग "बघतो" म्हणाला.

दुपारपर्यंत तिने कसाबसा दम धरला. मग लंकाबाईला घेऊन घाटाशेजारची टेकडी चढली आणि करंजाखाली बसली. खाली रेघेजवळ लाकडी टेबलावर सावळेराम बसलेला होता. त्याच्या मागे दुसरंच घड्याळ घेऊन एक परका माणूस उभा.

"त्यो कोण?" तिने विचारलं.

"आतापातुर पहिल्या असलेल्या बारीवाल्याचा माणूस. आज घरची बारी हाये ना, म्हणून त्यांनी आपलं घड्याळ आणलंय. दोन्हीत फरक पडला का हाणामारी हाये बघ."

 आपण सकाळी काय मागून बसलो, हे प्रयागबाईला आता कळलं. माणूस दिल्या शब्दाचा पक्का. त्याने बैलाकडे बघितलं, अंगठा जरा इकडेतिकडे झाला, की आठ वर्षांची अब्रू मातीत.

सोपानची बारी खाली जुंपली. स्पीकर कोकलत होता, हलगी कडाडत होती. कुणीतरी उधळलेला भंडारा सावळेरामच्या तोंडावर पडला. त्याने तो पुसला नाही. कुणाचीशी टोपी उडून त्याच्या मांडीवर आली, तिचीही त्याला शुद्ध नव्हती. हजारो माणसं उड्या मारत होती आणि मधोमध तो एकटा देवळातल्या समईसारखा. किटली विसरणारा आपला माणूस तो हाच का?  इतकी वर्षं आपण कुणाशी संसार केला, हेच आपल्याला ठाऊक नव्हतं, असं प्रयागबाईला वाटलं.

"बघू नका," ती पुटपुटली. "अवो, बघू नका."

निशाण पडलं. त्याने बटण दाबलं आणि नजर निशाणावरून थेट रेघेवर आणली. आरोळी उठली, धुळीचा लोट वर चढत आला. सावळेरामचे डोळे रेघेवरून तसूभर हलले नाहीत. अंगठा पुन्हा खाली गेला.

पंचांनी दोन्ही घड्याळं शेजारी धरून पाहिली. बारा सेकंद एकेचाळीस पॉइंट, पॉइंट म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग. दोन्हीकडे तेवढेच. सोपानची बारी तीन पॉइंटांनी मागे राहून दुसरी आली. भांडायच्या तयारीने आलेला परका माणूस आपलं घड्याळ खिशात घालून, खाली वाकून, सावळेरामच्या पाया पडला.

सावळेराम घरी आला तो मान खाली घालूनच. पाय न धुताच ओट्यावर टेकला.

"न्हाई बघितला मी," तो म्हणाला. "तुला बोललो व्हतो, पर न्हाई जमलं. माफ कर."

"बरं झालं न्हाई बघितला. मी टेकडीवर व्हते."

त्याने एकदम मान वर केली. डोळे लहान पोरासारखे चमकले. "तू आलतीस? मंग तूच सांग की! कसा पळाला गं माझा भिंगऱ्या? मान कशी धरली व्हती? रेघंपाशी कसा आला?"

प्रयागबाई सांगायला गेली आणि थांबली. तिने आठवून पाहिलं. मग तिला हसू आलं, आणि डोळ्यांना पाणीही आलं.

"मी बी न्हाई बघितला."

"आगं, समोर तर बसली व्हतीस! मंग काय बघत व्हतीस?"

"तुमास्नी," ती म्हणाली.